डायगोनलवर काय ठेवायचं? बाउंडरी इंटिग्रलवर तुमचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, बाउंडरी इंटिग्रल समीकरणं (आतला भाग सोडून फक्त कडेवर लिहिलेली समीकरणं) कॉम्प्युटरवर सोडवताना कुठे अडतं त्यावर, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न थोडे छाटलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलला आहे. फायनाइट एलिमेंट शिकलो, आता प्रोजेक्टला गाइड म्हणतात बाउंडरी एलिमेंट कर. मला मुळातच कळत नाहीये की आतला भाग न मोजता नुसत्या कडेवरून आतलं तापमान कसं कळणार? आणि एवढं सोपं असेल तर सगळे तेच का वापरत नाहीत? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

शंका अगदी रास्त आहे. स्थिर तापमानाचं समीकरण म्हणजे लाप्लासचं, आणि ते फार कडक समीकरण आहे. आतल्या कुठल्याही पॉइंटचं तापमान हे त्याच्याभोवती काढलेल्या वर्तुळावरच्या तापमानाची सरासरीच असतं, वर्तुळ लहान घ्या नाहीतर मोठं घ्या, आत मावलं म्हणजे झालं. त्यामुळे आतल्या भागाला मोकळीक अशी नसतेच, कड ठरली की आतलं सगळं ठरतं.

आता हिशेबात ते कसं उतरवायचं बघा. एका पॉइंटवर उष्णतेचा स्रोत ठेवला तर तापमान कसं पसरतं हे सूत्रातच माहितीये, सपाट पत्र्यात अंतराचा लॉग आणि तीन मितींत १ भागिले अंतर. असे स्रोत कडेवर सगळीकडे पसरायचे, कुठे किती दाट ते माहीत नाही, तीच आपली अनोळखी डेन्सिटी. कडेवर पसरलेल्या या स्रोतांच्या थराला सिंगल लेयर म्हणतात आणि एका स्रोताच्या सूत्राला कर्नल. प्रत्येक स्रोत आतमध्ये लाप्लासचं समीकरण पाळतोच त्यामुळे त्यांची बेरीजही पाळते, आपल्याला फक्त कडेवरची अट जुळवायची राहते. ही सगळी कल्पना जॉर्ज ग्रीनची, नॉटिंगहॅमजवळ वडिलांची पवनचक्की चालवणारा माणूस, पिठाचा धंदा, शाळा लहानपणी जेमतेम वर्षभर, आणि १८२८ साली वर्गणीदार जमवून त्यानं विजेच्या आणि चुंबकत्वाच्या गणितावर निबंध छापला. आज आपण ज्याला ग्रीनचं फंक्शन म्हणतो ते त्यातलं.

दुसरा भाग, सगळे का वापरत नाहीत. एक घन घ्या, प्रत्येक बाजूला १०० भाग. आत साधारण १० लाख पॉइंट, पृष्ठभागावर ६० हजार. वाटतं की केवढी बचत! पण फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे आतला अख्खा भाग तुकडे पाडून मोजणाऱ्या पद्धतीच्या, मॅट्रिक्समध्ये एका ओळीत फार तर २७ आकडे असतात (बाकी सगळी शून्यं), म्हणजे एकूण २.७ कोटी, आणि बाउंडरीच्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक पॉइंट प्रत्येक पॉइंटशी बोलतो, ६० हजार गुणिले ६० हजार म्हणजे ३६० कोटी आकडे. तेव्हा बंदिस्त ठोकळ्यासाठी बाउंडरी पद्धत घेणं म्हणजे मुद्दाम त्रास ओढवून घेणं. तिचा खरा उपयोग बाहेरच्या अमर्याद जागेत, म्हणजे आवाज, अँटेना, विमानाभोवतीचा प्रवाह, जिथे फायनाइट एलिमेंटवाल्याला जाळी कुठे थांबवायची हाच प्रश्न पडतो. धातूतल्या भेगा, कपॅसिटरच्या पट्ट्या इथेही ती छान चालते. पण पदार्थाचे गुणधर्म जागोजागी बदलत असतील किंवा समीकरण नॉनलिनिअर असेल तर तयार सूत्र मिळत नाही आणि सगळा डाव मोडतो. तुमच्या प्रोजेक्टचा विषय यातला कुठला ते आधी बघा, आणि ठोकळाच असेल तर गाइडना हे आकडे दाखवून विषय बदलून घ्या.

प्रश्न : मी पायथनमध्ये वर्तुळावर सिंगल लेयरचा प्रोग्राम लिहिला. पॉइंट स्वतःशीच आला की अंतर शून्य, लॉग उणे अनंत, म्हणून डायगोनलवर सरळ शून्य टाकलं. उत्तर येतं पण १०० वरून १००० पॉइंट केले तरी एरर दहापट पण कमी होत नाही. शिवाय त्रिज्या १ घेतली की मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर आणि ०.५ घेतली की ठीक. हा एकच बग आहे का दोन? (एमएस्सी गणित, छत्रपती संभाजीनगर)

दोन वेगळे आहेत, आणि दुसरा तर बगच नाही.

पहिला घेऊ. त्रिज्या १, समान अंतरावर एन पॉइंट. एका पॉइंटपासून जे-व्या पॉइंटचं अंतर २ साइन (पाय जे भागिले एन). डायगोनल सोडून बाकी सगळ्यांच्या लॉगची बेरीज करायची म्हणजे या सगळ्या अंतरांचा गुणाकार करून एकदाच लॉग घ्यायचा, आणि तो गुणाकार बरोबर एन येतो, ही जुनी ओळखीची आयडेंटिटी आहे. म्हणजे तुमच्या प्रोग्रामचं उत्तर (२ पाय भागिले एन) गुणिले लॉग एन. खऱ्या इंटिग्रलची किंमत शून्य. म्हणजे हा सगळाच्या सगळा एरर! १०० पॉइंटला ०.२८९, १००० पॉइंटला ०.०४३. दहापट पॉइंट घेतले आणि एरर साडेसहा-पावणेसातपट उतरला, तुम्ही जे पाहिलंत तेच हे.

आता हेच गणित औषधही सांगतं. बेरीज लॉग एननं जास्त येतेय ना, मग डायगोनलवर शून्याऐवजी उणे लॉग एन ठेवा, म्हणजेच लॉग (एच भागिले २ पाय), एच म्हणजे पॅरामीटरची पायरी. वर्तुळ नसेल, दुसरी कुठलीही गुळगुळीत बंद वक्ररेषा असेल तर आत त्या पॉइंटवरच्या टँजंट व्हेक्टरची लांबी गुणायची, बस. एवढी एक ओळ बदलली की पॉइंट दुप्पट केल्यावर एरर आठवा हिस्सा होतो. मला हे फार आवडतं, कारण अनंत येतंय म्हणून तिथे काहीतरी चालढकल करून पुढे जायचं ही सवय मोडते. डायगोनलवरची किंमत ही साधारणपणे शेजारच्या अर्ध्या-अर्ध्या तुकड्यावरच्या इंटिग्रलची जागा घेते, आणि लॉग अनंताला गेला तरी त्याचं इंटिग्रल अगदी व्यवस्थित मोजता येतं. तिथे शून्य ठेवणं म्हणजे त्या तुकड्यावर काही नाहीच असं म्हणणं.

यापेक्षाही अचूक हवं असेल तर मार्टेन्सेन आणि कुसमाउल यांची १९६० च्या दशकातली युक्ती वापरा. कर्नलमधून लॉग (४ साइन वर्ग अर्धा कोन) हा तुकडा वेगळा काढायचा, त्याची फोरियर मालिका पाठ करण्याइतकी सोपी आहे, उणे दोन गुणिले कॉस एम-टी भागिले एम यांची बेरीज, त्यावरून वजनं काढायची, आणि उरलेला भाग गुळगुळीत असतो तो साध्या ट्रॅपेझॉइडल नियमानं (समान अंतरावरच्या किमतींची सरळ बेरीज). मग ४०-५० पॉइंटमध्ये कॉम्प्युटरची सगळी अचूकता मिळते.

आता त्रिज्या १ चं. स्रोताला इथे चार्ज म्हणू आणि तापमानाला पोटेन्शियल, गणित तेच. वर्तुळावर सारखा चार्ज पसरला तर आत आणि कडेवर पोटेन्शियल त्रिज्येच्या लॉगच्या पटीत असतं, आणि लॉग १ म्हणजे शून्य. चार्ज आहे पण कडेवर त्याचा पत्ताच लागत नाही. समीकरणाला तो चार्ज दिसत नाही म्हणून मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे एकमेव उत्तर न देणारं. आणि ऐका, डायगोनल वर सांगितल्याप्रमाणे नीट केलंत की मॅट्रिक्स आणखी बिघडेल, प्रत्येक ओळीची बेरीज बरोबर शून्य होईल. घाबरू नका, आधी चुकीच्या डायगोनलनं ही गोष्ट थोडी झाकली जात होती इतकंच. लंबवर्तुळ घेतलं तरी सुटका नाही, तिथे दोन अर्धअक्षांची सरासरी १ आली की हेच होतं, म्हणजे १.५ आणि ०.५ घेऊन बघा. उपाय सोपा, एकक बदला म्हणजे सगळी आकृती १ पेक्षा लहान त्रिज्येच्या वर्तुळात बसेल, किंवा एक अनोळखी स्थिरांक वाढवा आणि एकूण चार्जची एक अट जोडा. मी दुसरा मार्ग घ्यायला सांगेन, कारण उद्या कुणी तुमचा प्रोग्राम सेंटिमीटरऐवजी मीटरमध्ये चालवला तरी तो मोडणार नाही. तीन मितींत ही भानगड नाही.

प्रश्न : कोलोकेशन, गॅलर्किन, नीस्ट्रॉम यातली कुठली पद्धत विद्यार्थ्यांना आधी शिकवावी? पुस्तकात तिन्ही सारख्याच महत्त्वानं दिलेल्या असतात. (प्राध्यापक, नागपूर)

माझं मत विचारताय तर नीस्ट्रॉम, आणि तीही डबल लेयरवर (सुट्या स्रोतांऐवजी कडेला काटकोनात लावलेल्या अधिक-उणे जोड्यांचा थर), गुळगुळीत कडेवर, दोन मितींत. कारण ती शिकवायला एक तास पुरतो आणि विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळतं की समीकरण नीट निवडलं की अर्धं काम तिथेच झालं.

कोलोकेशनमध्ये डेन्सिटी तुकड्यातुकड्यानं साध्या फंक्शननी मांडून समीकरण ठरावीक पॉइंटवर जुळवतात, गॅलर्किनमध्ये तेच सरासरीनं जुळवतात. नीस्ट्रॉममध्ये इंटिग्रलच्या जागी बेरीज ठेवायची आणि समीकरण त्याच पॉइंटवर लिहायचं, पद्धत संपली. फिनलंडच्या एव्हर्ट नीस्ट्रॉमनं १९३० मध्ये ॲक्टा मॅथेमॅटिकात मांडली, फ्रेडहोमचा इंटिग्रल समीकरणांवरचा मोठा लेख १९०३ मध्ये त्याच नियतकालिकात आला होता. डबल लेयरचा कर्नल पाहिला तर वरवर तोही डायगोनलवर फुटेल असं वाटतं, खाली अंतराचा वर्ग आहे, पण वर जे असतं तेही तेवढंच लहान होतं आणि मर्यादा घेतली की वक्रता भागिले ४ पाय एवढी साधी किंमत उरते, चिन्ह उणे. म्हणजे डायगोनलवर काय ठेवायचं याचं उत्तर इथे कडेची वक्रताच देते.

वर्गात फळ्यावर करता येईल असं एक उदाहरण देते. लंबवर्तुळ घ्या, अर्धअक्ष २ आणि १. डेन्सिटी सगळीकडे १ धरली तर कडेवर डबल लेयरची किंमत, चिन्ह बाजूला ठेवून, नेमकी अर्धी यायला हवी, ही गाउसची आयडेंटिटी. या लंबवर्तुळासाठी कर्नल साधा होऊन १ भागिले (५ उणे ३ कॉस थीटा) असा येतो, आणि एन पॉइंटची बेरीज २ भागिले एननं गुणायची. चार पॉइंट घ्या, कॉसच्या किमती १, ०, उणे १, ०. म्हणजे १/२ अधिक १/५ अधिक १/८ अधिक १/५, झाले १.०२५, त्याचं अर्ध ०.५१२५. चार पॉइंटमध्ये अडीच टक्के एरर, आणि हे सगळं कॅल्क्युलेटर न घेता. आठ पॉइंटला ०.५००१५. सोळा पॉइंटला ०.५००००००२. बत्तीस पॉइंटला कॉम्प्युटर जेवढे अंक दाखवतो ते सगळे बरोबर. पॉइंट दुप्पट केले की बरोबर अंकही दुप्पट होतात, कारण इथे एरर जवळजवळ १/३ चा एन-वा घात आहे. जो ट्रॅपेझॉइडल नियम आपण सुरुवातीला ढोबळ म्हणून शिकतो तोच बंद गुळगुळीत रेषेवर असा चालतो, प्वासाँनं १८२० च्या दशकातच लंबवर्तुळाच्या परिघावर हे दाखवलेलं आहे. लंबवर्तुळ चपटं करत गेलं की १/३ च्या जागी १ च्या जवळचा आकडा येतो आणि वेग मंदावतो, तेही विद्यार्थ्यांकडून करून घ्या.

आणि मॅट्रिक्सचंही सांगा. इथे समीकरण दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणजे अर्धा गुणिले डेन्सिटी अशी रक्कम इंटिग्रलच्या बाहेर उभी असते, त्यामुळे पॉइंट कितीही वाढवा मॅट्रिक्सची तब्येत बिघडत नाही. सिंगल लेयरच्या पहिल्या प्रकारच्या समीकरणात पॉइंटबरोबर कंडिशन नंबरही (छोट्या चुका किती पटीनं फुगू शकतात तो आकडा) वाढत जातो.

गॅलर्किन वाईट नाही, गैरसमज नको. तीन मितींत वेड्यावाकड्या पृष्ठभागावर, जिथे त्रिकोणांची जाळी येते, तिथे तिची सिद्धता भक्कम आहे, पण दोन त्रिकोणांवरची चारपदरी इंटिग्रलं करावी लागतात आणि त्रिकोण एकमेकांना चिकटलेले असले की डफीचं १९८२ चं रूपांतर लागतं, ते पहिल्या महिन्यात नको. कोपरे असलेली आकृतीही नंतर, कारण कोपऱ्यावर डेन्सिटी स्वतःच फुटते आणि पॉइंट कोपऱ्याकडे दाट करत न्यावे लागतात, समान अंतर तिथे चालत नाही.

तुमच्या एमएस्सीच्या मुलांना एक गोष्ट नक्की सांगा, या क्षेत्रात आयआयटी मुंबईच्या रेखा कुलकर्णी यांचं काम आहे. दुसऱ्या प्रकारच्या समीकरणासाठी त्यांनी २००३ मध्ये मांडलेली सुधारित प्रोजेक्शन पद्धत जगभर कुलकर्णी पद्धत म्हणून ओळखली जाते. कर्नल गुळगुळीत असेल आणि साध्या गॅलर्किनचा एरर एचच्या आर-व्या घाताचा असेल तर इयान स्लोनच्या इटरेटेड युक्तीनं (मिळालेलं उत्तर समीकरणात पुन्हा एकदा घालून सुधारणं) तो दोन-आर होतो, कुलकर्णी पद्धतीत तीन-आर, आणि तीच पुन्हा इटरेट केली की चार-आर, आणि सोडवायची सिस्टिम मात्र तेवढ्याच आकाराची राहते. मुंबईत बसून झालेलं काम आहे हे, आणि आपल्याच विद्यापीठांत ते फार कमी शिकवलं जातं याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : डेन्सिटी एकदम बरोबर येतेय, मधल्या भागातलं उत्तरही बरोबर, पण कडेच्या जवळ प्लॉट काढला की भलतेच आकडे. कडेवर तर मी स्वतः बाउंडरी कंडिशन दिलीये, मग तिच्या शेजारीच उत्तर कसं बिघडतं? (मराठी वाचक, एंडहोवन)

डेन्सिटी दोषी नाही, शेवटचं इंटिग्रल दोषी आहे. पॉइंट कडेजवळ सरकला की कर्नलला टोकदार शिखर येतं आणि तुमचे नोड, म्हणजे बेरजेतले पॉइंट, त्या शिखराच्या मानाने विरळ पडतात.

एक त्रिज्येचं वर्तुळ, डेन्सिटी १, नोड १००. डबल लेयरची आतली खरी किंमत (चिन्ह सोडून) सगळीकडे १. बेरीज मात्र देते १ भागिले (१ उणे आरचा शंभरावा घात), आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, हे अगदी नेमकं सूत्र आहे. आर ०.५ ला एरर दिसतच नाही. ०.९ ला लाखात पावणेतीन. आणि ०.९९ ला उत्तर येतं १.५७७! हे नोडच्या अगदी समोर, दोन नोडच्या मधोमध गेलात तर तेच ०.७३२. म्हणून तुमच्या प्लॉटमध्ये कडेलगत माळेतल्या मण्यांसारखी नक्षी दिसत असणार, प्रत्येक नोडला एक मणी.

लक्षात ठेवायला नियम असा की कडेपासून नोडच्या एका अंतराइतकं आत गेलं की एरर साधारण ५३५ पटीनं उतरतो, पाच अंतरं आत गेलं की १३-१४ अंक बरोबर. म्हणजे त्रास फक्त त्या पट्ट्यात. सगळ्यात स्वस्त उपाय, सिस्टिम १०० नोडवरच सोडवा, मग डेन्सिटीचं एफएफटीनं (फोरियर मालिका झटपट काढणारी पद्धत) इंटरपोलेशन करून ती हजारो नोडवर न्या आणि फक्त बेरीज तिथे करा. ०.९९ साठी ३१४० नोड घेतले की एरर १० चा उणे १४ वा घात, आणि सोडवायचा खर्च एक पैशानंही वाढत नाही. कडेला आणखी चिकटायचं असेल तर क्यूबीएक्स नावाची पद्धत आहे, क्लॉकनर, बार्नेट, ग्रीनगार्ड आणि ओनील यांची, २०१३ ची. ती कडेपासून थोडं दूर एक केंद्र घेते, तिथे उत्तराचा विस्तार काढते, आणि तोच विस्तार कडेपर्यंत वापरते. तीन मितींत तर मी तिच्याकडेच आधी वळेन.

प्रश्न : आम्ही लाउडस्पीकरच्या एन्क्लोजरचं बाहेरचं रेडिएशन काढतो. कोड तपासायला अर्ध्या मीटर त्रिज्येचा गोल घेतला, तर ३४० च्या आसपास आणि ४९० हर्ट्झच्या आसपास उत्तर उसळतं. बाकी फ्रिक्वेन्सीला थिअरीशी जुळतं. जाळी बारीक केली तर उसळी अरुंद होते पण जात नाही. गोलाला असा रेझोनन्स असतो का? (ॲकूस्टिक्स इंजिनिअर, पुणे)

बाहेरच्या हवेत असा टोकदार रेझोनन्स नसतो. हा समीकरणाचा दोष आहे, आणि तुमचा कोड बरोबर असल्याची खूण आहे.

बाहेरच्या प्रश्नासाठी तुम्ही जे इंटिग्रल समीकरण लिहिलंय त्याला कडेच्या आतली पोकळीही दिसते, खरं तर तिचा प्रश्नाशी संबंध नाही. पण आतल्या पोकळीत कडेवर दाब शून्य असलेली उभी लाट ज्या फ्रिक्वेन्सीला बसते त्या फ्रिक्वेन्सीला बाहेरचं समीकरण एकमेव उत्तर देत नाही. गोलासाठी वेव्हनंबर (२ पाय भागिले तरंगलांबी) गुणिले त्रिज्या पाय झाली की पहिली वेळ, मग ४.४९३, मग ५.७६३, मग २ पाय. ध्वनीचा वेग ३४३ मीटर धरला तर अर्ध्या मीटरच्या गोलाला पहिली ३४३ हर्ट्झ आणि दुसरी ४९०.६ हर्ट्झ. तुमचेच आकडे. वर जाल तसं या खोट्या फ्रिक्वेन्सी दाट होत जातात, संख्या फ्रिक्वेन्सीच्या घनाच्या हिशेबानं वाढते, त्यामुळे दोन किलोहर्ट्झला त्या टाळून चालणं शक्यच नाही. जाळी बारीक करून हे जाणार नाही, त्यावर वेळ घालवू नका.

शेंकनं १९६८ मध्ये सुचवलेला चीफ नावाचा उपाय बरेच जण करतात. आतमध्ये काही पॉइंट घ्यायचे, तिथे दाब शून्य यायला हवा अशा जादा ओळी लिहायच्या आणि लीस्ट स्क्वेअरनं सोडवायचं. पण पॉइंट कुठे घ्यायचे? गोलाच्या केंद्रावर एक घेतलात तर ३४३ ची उसळी जाईल आणि ४९० ची जशीच्या तशी राहील, कारण ४९० ला आतली जी लाट आहे ती केंद्रावर मुळातच शून्य असते, तुमच्या जादा ओळीला ती दिसत नाही. एन्क्लोजरच्या आकाराला ही शून्याची ठिकाणं आधी माहीत नसतात, म्हणून चीफवर पूर्ण भिस्त ठेवू नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

बर्टन आणि मिलर यांचा १९७१ चा मार्ग घ्या. मूळ समीकरण आणि त्याचं नॉर्मल दिशेचं डेरिव्हेटिव्ह, दोघांनाही वाईट फ्रिक्वेन्सी आहेत पण दोघांना एकच वाईट उत्तर लागू पडत नाही, म्हणून दुसरं समीकरण एका काल्पनिक गुणकानं गुणून पहिल्यात मिळवलं की प्रत्येक फ्रिक्वेन्सीला एकच उत्तर. गुणक आय भागिले वेव्हनंबर हा नेहमीचा. डेरिव्हेटिव्हमुळे हायपरसिंग्युलर कर्नल येतो, अंतराचा घन खाली, लोक त्यालाच घाबरून चीफकडे जातात. पण माउएची आयडेंटिटी वापरून ते डेरिव्हेटिव्ह डेन्सिटीवर ढकललं की साध्याच कर्नलची इंटिग्रलं उरतात.

तपासणीसाठी गोलावर थांबू नका. तुमच्याच एन्क्लोजरच्या जाळीच्या आत एक पॉइंट सोर्स आहे असं समजा, त्याचा कडेवरचा वेग सूत्रानं काढा, तो कोडला द्या, आणि बाहेर कोडनं दिलेला दाब त्या सोर्सच्या सूत्राशी ताडून बघा. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे कुठलाही आकार असो, कुठलीही फ्रिक्वेन्सी असो, एरर सरळ मोजता येतो. हे मी प्रत्येकाला सांगते, मोजमापाशी तुलना करण्याच्या आधी हे झालंच पाहिजे, नाहीतर मायक्रोफोनचा दोष कुठला आणि कोडचा कुठला याचा उलगडा होत नाही.

प्रश्न : ४० हजार अनोळखी आहेत, हेल्महोल्ट्झ (म्हणजे लाटांचं समीकरण), लॅपटॉप १६ जीबी. मेमरीच संपते. फास्ट मल्टिपोल शिकू का सर्व्हर भाड्यानं घेऊ? (पीएचडी, मुंबई)

४० हजारांचा वर्ग १६० कोटी, कॉम्प्लेक्स आकड्याला १६ बाइट, म्हणजे २५.६ जीबी नुसतं मॅट्रिक्स. लॅपटॉपवर बसणारच नाही. सर्व्हरवर बसेल, पण एलिमिनेशननं सोडवायला साधारण २१ लाख कोटी गुणाकार लागतील. त्याऐवजी जीएमआरईएस, साद आणि शुल्त्झ यांची १९८६ ची, उत्तर फेऱ्याफेऱ्यांनी सुधारत नेणारी पद्धत, वापरलीत तर प्रत्येक फेरीला १६० कोटी, आणि दुसऱ्या प्रकारचं समीकरण असेल तर ३०-४० फेऱ्यांत काम होऊन जातं आणि पॉइंट वाढवले तरी फेऱ्या वाढत नाहीत. फ्रिक्वेन्सी वाढली तर मात्र वाढतात.

मॅट्रिक्स साठवूच नये ही फास्ट मल्टिपोलची कल्पना, ग्रीनगार्ड आणि रोखलिन, येल, १९८७. दूरच्या हजार स्रोतांचा परिणाम मोजायला हजार आकडे लागत नाहीत, त्यांचा विस्तार थोड्या पदांत मावतो. लाप्लाससाठी २० पदांत सुमारे सहा अंक मिळतात कारण प्रत्येक पदाला एरर निम्मा होतो. हेल्महोल्ट्झला फ्रिक्वेन्सीप्रमाणे पदं वाढतात, सूत्रंही वेगळी लागतात, ते स्वतः लिहायला घेतलंत तर सहा महिने त्यातच जातील आणि पीएचडीचा मूळ प्रश्न बाजूला राहील. तेव्हा लिहू नका, तयार घ्या. फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटची एफएमएम३डी लायब्ररी फुकट आहे, हेल्महोल्ट्झ त्यात आहे, पायथनमधून चालते. गॅलर्किन जाळीवर काम असेल तर बेम्पप ही लायब्ररी बघा. किंवा हॅकबुशचं १९९९ चं एच-मॅट्रिक्स, त्यात दूरच्या दोन गटांमधला तुकडा कमी रँकचा करून (म्हणजे थोड्याच ओळी-स्तंभांच्या गुणाकारांनी मांडून) साठवतात आणि बेबेनडॉर्फच्या एसीए युक्तीमुळे कर्नलचं सूत्र न उलगडता थोड्याच ओळी आणि स्तंभ मोजून तो तुकडा तयार होतो, तुमच्या आत्ताच्या कोडमध्ये घालायला हे सगळ्यात सोपं.

पण त्याच्याआधी एक करा. तोच प्रश्न २ हजार अनोळखींवर चालवा, मॅट्रिक्स फक्त ६४ एमबीचं होतं, आणि जीएमआरईएसच्या फेऱ्या मोजा. मग ४ हजार, ८ हजार. फेऱ्या वाढत चालल्या असतील तर समीकरण पहिल्या प्रकारचं आहे, किंवा वर पुण्याच्या वाचकांना सांगितलेली खोटी फ्रिक्वेन्सी जवळ आहे, किंवा डायगोनलचा हिशेब चुकलाय, आणि असल्या मॅट्रिक्सला फास्ट मल्टिपोल लावलंत तर चुकीचं उत्तर लवकर मिळेल. फेऱ्या स्थिर असतील तर एफएमएम३डी उतरवून घ्या, सर्व्हरचे पैसे वाचले.